कॉडमधला वळवळता पुरावा

"गरुडाची नजर, शिकारी कुत्र्याचं नाक आणि चाणक्याची बुद्धी," अशी रणजित स्वतःची ओळख करून द्यायचा. पोटापाण्यासाठी तो नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार मिळत असल्यामुळे ती खोड घरी आल्यावरही जात नसे. आपण पुरते डच झालोय हे दाखवायला दर शनिवारी बाजारात कच्चा हेरिंग मासा शेपटीला धरून तो तोंडात सोडायचा आणि फोटो तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा. सौमित्र आइंडहोवनजवळच्या बेस्ट गावात त्याच्या शेजारी राहायचा, एवढ्याच अपराधावरून त्याला रणजितच्या हेरगिरीत मदतनीस नेमलं गेलं होतं.

त्या शुक्रवारी गुन्हा सौमित्रच्याच ओट्यावर घडला. त्याची बायको विशाखा नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली आणि बरीच धडपड करून तिने घरगुती जेवणाचा व्यवसाय मांडला. उद्या मंडळाच्या जेवणाला कॉड माशाचं कालवण, ही तिची पहिली मोठी ऑर्डर. मासा धुताना एका तुकड्यातून पांढरं, गुंडाळी झालेलं काहीतरी बाहेर आलं.

"हे कुणाला कळलं तर माझा धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला," विशाखा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. सौमित्रला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात त्याने रणजितला बोलावलं. ही त्याची दिवसातली सर्वांत मोठी चूक होती.

रणजित भिंग घेऊन आला. "शेवई आहे," त्याने जाहीर केलं.

"विशाखाने शेवया केल्याच नाहीत."

"मग तार. इथल्या कॉम्प्युटर चिपच्या मशीनमधली. कुणीतरी पाळत ठेवतंय."

"कॉडवर?" सौमित्रने विचारलं.

एवढ्यात पुरावा हलला. पुढच्या क्षणी रणजित खुर्चीवर उभा होता. "मी उंचावरून पाहणी करतोय," त्याने खुलासा केला. वरूनच त्याने निष्कर्ष काढला. "हा देश किती स्वच्छ आहे. इथल्या माशात अळी असूच शकत नाही. म्हणजे ती आपल्यापैकीच कुणीतरी घातली. दुपारी या घरात कोण आलं होतं?"

विशाखाने ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं. दुपारी मंजूषा मोठं पातेलं द्यायला आली होती. मंजूषाचे शाकाहारी डबे गावभर जायचे आणि याच ऑर्डरसाठी तिनेही विचारलं होतं. पण परक्या गावात विशाखाला जिवाभावाची मैत्रीण अशी ती एकच होती. "ती असं करणार नाही," विशाखा म्हणाली. पण तिचा आवाज डळमळीत होता, आणि सौमित्रला अळीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात मंजूषाच झाकण घेऊन दारात आली. पातेल्याचं झाकण विसरलं होतं.

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच," रणजित खुर्चीवरून गरजला आणि आरोप वाचून दाखवला.

मंजूषाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विशाखाकडे पाहिलं. "तुलाही असंच वाटलं?"

विशाखाची मान खाली गेली.

मंजूषाने फ्रीजमधून कॉडचं न उघडलेलं पाकीट काढलं, सगळ्यांसमोर फोडलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर एक पातळ तुकडा धरला. मांसाच्या आत आणखी दोन गुंडाळ्या स्पष्ट दिसल्या.

"याही मीच घातल्या का? आमच्या श्रीवर्धनला बांगडा साफ करताना रोज दिसायच्या. समुद्रातला मासा आहे, अळी असायचीच. उजेडात बघून काढायची आणि मासा नीट शिजवायचा. माशाला कुठे माहीत असतं आपण स्वच्छ देशात पोहतोय ते?"

"माझं चुकलं गं," विशाखा म्हणाली आणि रडायलाच लागली.

"रडू नकोस, खारट होईल कालवण. चिमटा आण."

दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. रणजितला खाली उतरवून त्याच्या हातात टॉर्च देण्यात आला. तो एकेका तुकड्यावर उजेड पाडत होता. मग त्याने हळूच विचारलं, "मंजूषा, आणि तो कच्चा हेरिंग?"

"घाबरू नका. विकण्याआधी तो गोठवतात. अळी मरून जाते."

"मरते," रणजित समाधानाने म्हणाला. मग टॉर्च खाली आला. "म्हणजे, असते?"

मंजूषाने चिमट्यात पकडलेली अळी त्याच्यासमोर उजेडात धरली.

दुसऱ्या दिवशी विशाखाच्या कालवणाचा मंडळाने फडशा पाडला. एका कोपऱ्यात रणजित मंजूषाच्या डब्यातला वरणभात खात होता, एकेक शीत भिंगाखाली धरून.