सायकलमामांची वाढती मालमत्ता

काटकसर हा मोठा सद्गुण आहे, आणि तो दुसऱ्याच्या जिवावर आचरता आला तर त्याहून मोठा. एका नगरपालिकेने हे सत्य अंदाजपत्रकाच्या सभेत एकमताने मंजूर केले. तिजोरीत खडखडाट होता, घरपट्टीचा दर वाढवावा तर मते जाणार होती, म्हणून खर्चालाच कात्री लावायचे ठरले. सदस्यांनी आनंदाने बाके वाजवली. त्यात एक बाक मोडले, आणि काटकसरीचा पहिला निर्णय तिथल्या तिथे झाला. ते दुरुस्त करायचे नाही.

पुढे कामाला वेग आला. रस्त्यावरचे दिवे एकाआड एक काढले. (अर्ध्या लोकांनी तक्रार केली, तेव्हा समानतेच्या तत्त्वाला धरून उरलेलेही काढले.) मनोऱ्यावरच्या घड्याळाचा मिनिटकाटा उतरवला, कारण पालिकेच्या कारभारात मिनिटांचा कधी उपयोग झाल्याचे कुणाला आठवत नव्हते. अग्निशमन दलाचा बंब विकला आणि घंटा ठेवली. आग लागल्याचे निदान सगळ्यांना कळावे, हा उदात्त हेतू. तळघराच्या गळतीवर खर्च केला नाही, आणि तिथे ठेवलेल्या शहराच्या सगळ्या नकाशांचा लगदा झाला.

इथे मात्र पेच आला. कोणती जागा कुणाची हेच कळेना, तर घरपट्टी लावायची कुणावर? त्यावर मुख्याधिकाऱ्यांनी असा तोडगा काढला की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे. माणूस आपल्याच वस्तूची काळजी घेतो, दुसऱ्याच्या नाही, हा जगाचा अनुभव आहे. तेव्हा जो ज्या वस्तूची देखभाल करील, तो तिचा मालक. नकाशांची गरजच संपली. घरपट्टीचा दर एका पैशानेही वाढला नाही. फक्त घर कशाला म्हणायचे, ते बदलले.

हा नियम सायकलमामांच्या मुळावर आला. मामा सायकली दुरुस्त करीत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. माणूस गरीब स्वभावाचा, पण एक खोड होती. ढिला बोल्ट दिसला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे जाई. लग्नाच्या दिवशी यांनी आधी माझ्या खुर्चीचा पाय हलवून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिले, असे सायकलमामी सांगत.

कात्रीचा काळ सुरू झाला आणि मामांच्या हाताला उसंत राहिली नाही. त्यांनी गटाराकडेचा कठडा घट्ट केला. मग रस्त्यावरच्या बाकाची फळी बसवली. मग दुकानासमोरचे गटाराचे झाकण, ज्यावर कुणाचाही पाय पडला की ते खडखडे, त्याखाली जुन्या टायरचा तुकडा घातला. तुमच्यासारखी माणसे आहेत म्हणून चाललेय, असे शेजारी म्हणाले.

महिनाअखेरीस कर निरीक्षक टेप घेऊन आले. हे निरीक्षक म्हणजे मामांचे सख्खे जावई. ते आधी पोटभर जेवले आणि मग मोजमाप केले. (नात्याचा आणि पदाचा असा वेगवेगळा मान राखणारे अधिकारी आता फार उरलेले नाहीत.)

"बाबा, अभिनंदन," जावई म्हणाले. "एक कठडा, एक बाक आणि कोपऱ्यापर्यंतचं गटार तुमचं झालं. शहरातल्या बड्या मालमत्तावाल्यांत तुमचा नंबर लागला."

"अहो, मी नुसता बोल्ट आवळला."

"तेच तर. मालक असल्याशिवाय कोण आवळतं?"

आकारणी अशी होती, की दुकान गिऱ्हाइकांसकट विकले असते तरी ती भागली नसती. भरली नाही तर घराचा लिलाव. मामी डोक्याला हात लावून बसल्या. लेक ज्या घरात लहानाची मोठी झाली ते गेल्यावर म्हातारपणी जायचे कुठे? शेवटी जावयांनाच दया आली. मालकी सोडायची सोय नियमात होती. वस्तूची हेळसांड करून दाखवायची. ती मोडली, की मालक सुटला.

मामींनी पाना पिठाच्या डब्यात लपवला. मामांनी मन घट्ट करून झाकणाखालचा टायरचा तुकडा काढून घेतला. (काढणे हे देखभालीत मोडत नाही, असा खुलासा जावयांनी केला.) कठडा आणि बाक आठवडाभरात मोडून सुटले, गटार तेवढे उरले. झाकण दिवसभर खडखडे आणि मामा कानात बोळे घालून दुकानात बसत. त्यांचे जेवण सुटले. त्यांची दशा पाहून गावानेही धडा घेतला. पालिकेच्या पाहणीनुसार शंभरातले सत्त्याण्णव नागरिक रस्त्यात पडलेली वस्तू ओलांडून जाऊ लागले. उरलेले तिघे तिला अडखळून पडले, आणि त्यांनाही बाकीचे ओलांडून गेले.

एका दुपारी झाकण मोडून गटारात पडले. मामांना राहवेना. बघायला गेले, पण हातांवर भरवसा नव्हता, म्हणून ते पाठीमागे एकमेकांत घट्ट गुंफून गेले. हात मोकळे नसल्यामुळे तोल सावरता आला नाही, आणि झाकणामागोमाग मामाही आत गेले.

गटार पुरुषभर खोल होते. गर्दी जमली. सगळे हळहळत होते आणि सगळ्यांचे हात खिशात होते. मामींनी वाकून ओढून पाहिले, पण एकट्या बाईच्या अंगात तेवढे बळ कुठले? एवढ्यात जावई टेप घेऊन धावत आले.

"हात द्या हो त्यांना," मामी म्हणाल्या.

"दिला असता, आई. पण मी वर काढलं तर बाबा माझ्या नावावर चढतील. माझ्या घराचे हप्ते चालू आहेत." मग त्यांनी टेप खाली सोडून खोली मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बाबा, आनंदाची बातमी. झाकण मोडलं आणि त्यात खुद्द मालक पडला. इतकी चोख हेळसांड मी नोकरीत पाहिली नाही. गटार सुटलं. घर वाचलं."

मामांना रडूच आले. चिखलात उभे राहून त्यांनी जावयाला आशीर्वाद दिला. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली. वर चढायला लोखंडी पायऱ्या होत्या, पण सर्वांत खालची एका ढिल्या नटावर लोंबकळत होती. पान्याचीही गरज नव्हती. बोटांनी दोन पीळ दिले की पायरी पक्की आणि मामा वर. त्यांचा हात उठला.

"बाबा," जावई हळूच म्हणाले, "नट आवळलात तर गटार परत तुमचं."

"हात खाली घ्या," मामी रडत म्हणाल्या. "घर जाईल आपलं."

मामांनी हात खाली घेतला.

ते अजून तिथेच आहेत. मामी दोन्ही वेळचा डबा दोरीने खाली सोडतात. (त्याला हरकत नाही; मामा पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहेत.) पालिकेचे अंदाजपत्रक यंदा शिलकी निघाले. येणारेजाणारे कडेला क्षणभर थांबतात, कुणीतरी काढायला हवे हो यांना, असे म्हणतात आणि कामाला लागतात.

वाचकहो, तुम्हीही आत्ता मनात तेच म्हणालात. 'कुणीतरी' असेच म्हणालात, याची नोंद घेतली आहे. निश्चिंत असा. तुमच्या घरपट्टीत कसलीही वाढ होणार नाही.