बुधवारचे वाचक

शैलजा उपळेकर यांची कथा इंटरनेटवर वाचून जो कोणी पसंतीचा अंगठा दाबे, तो त्याच संध्याकाळी कऱ्हाडला त्यांच्या घरी येऊन बसत असे.

पहिल्या कथेला तिघे आले. नागपूरचे एक निवृत्त ओव्हरसिअर, लातूरची एक दातांची डॉक्टर आणि तिचा भाऊ. शैलजाबाई सकाळच्या शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे नागपूर किती लांब आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार वाजता अंगठा दाबलेला माणूस साडेपाचला दारात कसा, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. "प्रवास बरा झाला ना?" एवढं विचारलं, आणि बरा झाला म्हटल्यावर चहाचं आधण ठेवलं. तिघांनी कथा आवडल्याचं आळीपाळीने सांगितलं आणि सातच्या आत चपला घातल्या. त्या रात्री शैलजाबाईंना फार छान झोप लागली.

पुढे पुढे त्यांना गणित कळत गेलं. डोंगरावरच्या कथेला चौघे यायचे. आईवरच्या कथेला तीस जण यायचे, आणि येताना स्वतःचे रुमाल घेऊन यायचे. शैलजाबाईंनी लागोपाठ आईवर लिहायला घेतलं. त्यांची आई इस्लामपूरला ठणठणीत होती. चौथ्या कथेनंतर तिचा फोन आला.

"शैले, मला अजून किती वेळा घालवणार आहेस? शेजारचे पांढरे कपडे घालून येऊन गेले."

"आई, या वेळी एकतीस जण आले होते."

"मग त्यांना बरं वाटेल असं काहीतरी खायला घाल," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

न वाचताच अंगठा दाबणारेही येत. त्यांना ओळखणं सोपं होतं. ते चहा पीत, "छान लिहिता हं तुम्ही" म्हणत आणि भिंतीवरच्या घड्याळाची चौकशी करत. रागाचा चेहरा दाबणारे घरात येत नसत. ते कॉलनीच्या गेटबाहेर उभे राहत आणि फक्त पाणी मागत. ओघानेच, एका रविवारी कॉलनीचे अध्यक्ष खंडागळे फाइल घेऊन आले.

"वहिनी, मी सगळे नियम काढून बघितले," ते म्हणाले. "बारसं, मुंज, साखरपुडा, सगळ्याची तरतूद आहे. वाचकांची नाही."

"मग?"

"कार्यकारिणीने त्यांना तात्पुरते पाहुणे धरलंय. पण पाहुणा बोलावलेला असावा लागतो. तुम्ही यांना बोलावता का?"

शैलजाबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं बोलावत नाही. पण नाही आले तर वाईट वाटतं."

"म्हणजे बोलावता," खंडागळे म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. "मग आठवड्यातला एकच वार ठेवा. बुधवार ठेवा, बुधवारी पाणी दोनदा येतं. आणि ते रागावलेले?"

"ते आत येत नाहीत. पाणी पितात आणि जातात."

"वॉचमनकडे एक माठ ठेवायला सांगतो. रागावलेला माणूस तहानलेला राहू नये."

ठरलं. बुधवारी कथा टाकायची, बुधवारीच माणसं यायची, बाकीचे दिवस घर घरच्यांचं. शैलजाबाईंना हे मनापासून पटलं होतं. गुरुवारी त्या खुशीत होत्या. शुक्रवारी दुपारी त्या दोनदा उगाच दारापर्यंत जाऊन आल्या. तीनच्या सुमाराला त्यांनी भेंडीवर चार ओळी टाकल्या, अगदी सहज. सहा जण आले आणि शैलजाबाईंचा जीव भांड्यात पडला. शनिवारी दोडक्यावर लिहिलं.

आता त्यांच्या यजमानांबद्दल सांगायला हवं. विश्रामराव उपळेकरांचं बाजारात चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस. त्यांना घरी आल्यावर अक्षर डोळ्यांसमोर नको असे, म्हणून बायकोची एकही कथा त्यांनी वाचलेली नव्हती. शैलजाबाईंचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. सातला दुकान बंद करून ते येत, जेवणाच्या टेबलाशी खिडकीकडच्या खुर्चीत बसत आणि दोघं मिळून दिवसभरात भेटलेल्या माणसांची यथेच्छ टिंगल करत. लग्न झाल्यापासून हा तास कधी चुकला नव्हता. शैलजाबाईंना कथा सुचायच्या त्या याच तासात, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि अलीकडे त्यांना स्वतःलाही ते आठवलं नव्हतं.

दोडक्याच्या संध्याकाळचे वाचक सात वाजून गेले तरी उठले नाहीत. विश्रामराव घरी आले तर त्यांच्या खुर्चीत नांदेडच्या एक बाई बसल्या होत्या.

"तुम्ही पण वाचक का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी इथे राहतो."

"मग बसा ना कुठेतरी," बाई आपुलकीने म्हणाल्या.

विश्रामरावांनी इकडेतिकडे बघितलं. सोफा भरला होता, पलंग भरला होता, वेताचा मोडा नागपूरच्या ओव्हरसिअरांकडे होता. ते थोडा वेळ फ्रिजला टेकून उभे राहिले. सोमवारी सकाळी त्यांनी दोन वेळचा डबा मागितला.

"संध्याकाळचं मी दुकानातच जेवत जाईन," ते म्हणाले. "तिथे खुर्ची आहे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर शैलजाबाई भांडून मोकळ्या झाल्या असत्या, त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. नुसत्या खुर्चीवर काय बोलणार? त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण संध्याकाळी बेल वाजली आणि त्या दार उघडायला उठल्या.

असे काही आठवडे गेले. घर माणसांनी भरलेलं, बिस्किटांचे पुडे माळ्यापर्यंत गेलेले, आणि शैलजाबाईंना सुचायचं बंद झालेलं. भाज्याही संपत आल्या होत्या. एका मंगळवारी त्या बाजारातून येताना दुकानावरून गेल्या. काचेतून बघितलं तर विश्रामराव अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून डबा खात होते. मध्येच त्यांना कशाचं तरी हसू आलं. त्यांनी शेजारी बघितलं, तिथे कोणी नव्हतं, मग त्यांनी पोळीचा पुढचा घास घेतला.

शैलजाबाई आत गेल्या नाहीत. घरी आल्या आणि दुकानात जेवणाऱ्या एका माणसाची गोष्ट लिहून काढली. तिच्यात आई नव्हती, भाजी नव्हती. बुधवारी सकाळी त्यांनी ती टाकली आणि पंचवीस माणसांचे पोहे भिजवले.

सहा वाजले. साडेसहा वाजले. गेटवरून वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, आज कोणीच नाही. गेट लावून घेऊ का?"

"रागावलेलेही नाहीत?"

"तेही नाहीत. माठ भरलेला तसाच आहे."

शैलजाबाई सोफ्यावर बसल्या. एवढ्या रिकाम्या जागा त्यांनी कित्येक दिवसांत बघितल्या नव्हत्या. मनापासून लिहिलेलं कुणालाच नको, या विचाराने त्यांना रडू यायला लागलं. पातेलंभर पोह्यांकडे बघून तर जास्तच आलं.

सातला बेल वाजली. दारात विश्रामराव उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा पुडा. आत येण्याआधी त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, परक्या घरी लावतात तशा.

"नमस्कार मॅडम. विश्राम उपळेकर. इथलाच, कऱ्हाडचा," ते म्हणाले. "तुमची कथा वाचली. आवडली."

"या ना, बसा," शैलजाबाई म्हणाल्या. "प्रवास बरा झाला ना?"

"झाला. जवळच आहे."

त्यांनी चहा केला, पोहे दिले. विश्रामराव सोफ्याच्या कडेला बसून शिस्तीत खात होते.

"एक सांगू का? राग मानू नका," ते म्हणाले. "मधला भाग लांबलाय."

आजवर आलेल्यांपैकी कोणीही असं बोललं नव्हतं. शैलजाबाईंचे कान गरम झाले. "कुठला?"

"तक्त्याचं वर्णन. एवढं कोणी बघत नाही त्याच्याकडे. आणि त्या माणसाची बायको काचेतून बघते आणि निघून जाते, ते खटकलं. तिने त्याला हाक मारायला हवी होती."

"तिला सुचलं नाही."

"सुचायला हवं होतं," विश्रामराव म्हणाले. मग बशी खाली ठेवून ते उठले, नमस्कार केला आणि चपला घालून पुढच्या दाराने गेले.

दोन मिनिटांनी मागचं दार वाजलं. विश्रामराव आत आले, मोरीत पाय धुतले आणि टॉवेलला हात पुसत खिडकीकडच्या खुर्चीत बसले.

"शैलू, कोण आलं होतं गं?"

"एक वाचक."

"एकच? काय म्हणाला?"

"मधला भाग लांबलाय म्हणाला."

"शहाणाच दिसतोय," विश्रामराव म्हणाले. "तू काय म्हणालीस?"

"काही नाही. तो भाग काढते आहे." शैलजाबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतःचंही वाढून घेतलं. "अहो, तो परत येईल का हो?"

विश्रामरावांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

"कथा आवडली तर येईल," ते म्हणाले. "नाही आवडली तर मी घरात आहेच."