जुना पडदा उतरविल्याचे वर्तमान

श्रीरंगास नमन, सुतास नमन, ज्या हातांनी सूत रंगते त्या हातांस नमन. ज्या वर्षी अनसूयाबाईंचे चिरंजीव दिगंबरराव यांस लग्नास नऊ वर्षे लोटल्यावर कन्या जाहली, त्या शके एकोणीसशे शेहेचाळीसचे हे वर्तमान.

राज्य लहान. चार माग, एक अंगण आणि गादीवर अनसूयाबाई. पैठणीची नक्षी आधी बाईसाहेब संगणकावर काढीत, मग ओढ्यापलीकडचे रंगारी गफूरभाई रेशमाच्या लड्या रंगवून धाडीत, आणि मग मागावर वीण चढे. दोन्ही राज्यांत चाळीस वर्षांचा सलोखा. घरात मूल जन्मले की पाळण्याची दोरी गफूरभाईंच्या रेशमाची वळावी हा रिवाज, आणि खुद्द दिगंबरराव त्याच दोरीने झोके घेऊन वाढले होते. संगणक जुना आणि एकदेही, म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच अंगात. त्याच्या पडद्यास लडी लावून बाईसाहेब रंगाचा निवाडा करीत. त्या साली पोपटी लडी आली, ती नक्षीतल्या पोपटाशी जुळेना. नक्षी यंत्र नवे असतानाची, घराण्याच्या ठरल्या पोपटीची, तेव्हा तिजवर संशय कोण घेणार? लडी परत गेली, दुसरी आली, तीही निळसर ठरली, आणि तिसऱ्या खेपेस बाईसाहेब भर अंगणात बोलल्या, "गफूरभाऊ, हात थकला असेल तर सांगा. दुसरा रंगारी बघते." गफूरभाई म्हणाले, "हात शाबूत आहे वहिनी. तुम्ही डोळे दाखवून घ्या." आणि लडी तिथेच टाकून गेले. बाईसाहेबांनी डोळे खरोखरच दाखविले, ते निर्दोष निघाले, आणि मग कोप दुणावला. इतक्यात नात जन्मली, बारसे जवळ आले आणि पाळण्यास दोरी नाही. सूनबाईंनी हळूच विचारले, "आई, बाजारातून आणवू का?" बाईसाहेब ताटावरून अर्ध्या जेवणात उठल्या.

अशात यंत्रराजांस ग्लानी येऊ लागली. सकाळी चालू करावे तो माध्यान्ही जागे व्हावे, आणि नक्षी उघडता उघडता पुन्हा निजावे. दिगंबररावांनी मसलत दिली की यंत्राची नुसती नवी पेटी आणू आणि पडदा जुनाच ठेवू, पडद्यास काय धाड भरली आहे. पेटी आली, वायर जोडली, आणि मायलेक अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसले. दुकानदारास फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काकू, जुन्याच्या त्या भोकातून चित्र बाहेर जातं, आत येत नाही. वेगळा मॉनिटर घ्यावा लागेल." मग मोहीम निघाली. बाईसाहेबांनी नक्षी पेनड्राइव्हवर घेतली आणि ती टाकलेली लडी कमरेच्या पिशवीत घातली, कारण रंगाची वस्तू सुताशी न लावता घेणे हे त्या घराण्यात पाप.

दुकानात पहिला मॉनिटर चकचकीत. बाईसाहेब म्हणाल्या, "यात माझंच तोंड दिसतं. हा आरसा न्हाणीघरात लावा." दुसरा कमरेत वाकलेला. "यात काठ सरळ आहे की माझी वीण चुकली, कसं कळायचं?" तिसरा साधा, रुंद, चमक नसलेला. त्यावर नक्षी उघडली. बाईसाहेब चपापल्या आणि म्हणाल्या, "हा निळा मारतो." सवयीने लडी काढून पोपटास लावली, आणि लडी कुठे संपते आणि पोपट कुठे सुरू होतो ते दिसेना. मग चकचकीतावर लावली, वाकड्यावर लावली, तिन्हीकडे तेच. दुकानदार म्हणाला, "जुने पडदे पिवळे पडतात काकू. रोज बघणाऱ्याला कळत नाही." बाईसाहेब स्टुलावर बसल्या, पाणी मागितले, पण प्याल्या नाहीत. म्हणाल्या, "दिगू, हा तिसरा बांधायला सांग. आणि रिक्षा ओढ्यापलीकडं घे."

गफूरभाई रंगाच्या कढईपाशी उभे होते, कोपरापर्यंत हात जांभळे. म्हणाले, "या वहिनी. तिसरीही परत करायला?"

"परत नव्हे, मागून घ्यायला. रंग बरोबर होता. माझा पडदा पिवळा पडला होता."

"आणि अंगणात बोललात ते?"

"तेही माझंच. पडद्याचं नव्हे."

गफूरभाईंनी कढईत काठी फिरविली आणि बराच वेळ फिरवीतच राहिले. मग म्हणाले, "पोरगी कोणावर गेली?"

"रुसण्यात तुमच्यावर."

तेव्हा गफूरभाई हसले, आणि रिक्षात खोके धरून बसलेल्या दिगंबररावांचा जीव भांड्यात पडला. "दोरी कधीच वळून ठेवलीय," गफूरभाई म्हणाले, "आपल्या भांडणापायी पोरीला बाजारच्या दोरीनं झोके द्यायचे होय?"

येणेप्रमाणे सुलूख जाहला. बारशास पोपटी दोरी बांधली गेली, नाव रेशमा ठेविले, आणि गफूरभाईंनी पहिला झोका दिला. नवा मॉनिटर गादीपुढे स्थापन जाहला, पैठणी त्याच पोपटीत मागावर चढली. त्या दिवशी दिगंबररावांनी जुने यंत्र अखेरचे जागविले, साऱ्या नक्ष्या नव्या पेटीत उतरवून घेतल्या, आणि शेवटची नक्षी उतरताच पडदा काळा जाहला तो पुन्हा उजळला नाही. या मोहिमेत माणूस कोणी दगावले नाही. जुने यंत्र ज्येष्ठ वद्य पंचमीस, बारशाच्या दिवशी, दिवेलागणीस वारले.