बारीक आवाजाची डरकाळी

एका जंगलात, मुलांनो, घनगर्ज नावाचा सिंह राज्य करत होता. आवाज नावासारखाच, खर्जातला. त्याने डरकाळी फोडली की तळ्यातलं पाणी थरथरायचं.

अडचण एकच होती. डरकाळी ऐकून प्रजा मुजरा करायची, पण आवाज कुठून आला तेच कुणाला कळायचं नाही. कुणी पूर्वेला वाकायचं, कुणी पश्चिमेला. एकदा तर रानगवे चक्क महाराजांकडे पाठ करून वाकले. महाराजांना ते फार लागलं.

त्यांनी लटकेशास्त्री नावाच्या वटवाघळाला बोलावलं. आवाजाच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानत. त्याने आधी झाडाझाडांवर भोंगे टांगले. आवाज वाढला. मुजरे तसेच राहिले.

मग शास्त्रीबुवा फांदीला उलटे लटकून म्हणाले, "महाराज, आपला सूर खालचा. खालच्या सुराची लाट लांब असते. ती हरणाच्या डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत सारखीच शिरते. त्याला दिशा कळणार कशी? वरच्या सुराची लाट आखूड. तिला डोकं आडवं येतं. एका कानाला जास्त, दुसऱ्याला कमी. लगेच दिशा कळते."

"मग आम्ही काय करायचं?"

"बारीक आवाज काढायचा."

महाराज रियाजाला बसले. हिवाळा येईपर्यंत त्यांची डरकाळी रातकिड्यासारखी झाली.

पहिल्याच दिवशी सगळ्या माना बरोबर महाराजांकडे वळल्या. महाराजांचे डोळे भरून आले. मग सगळी प्रजा नेमकी उलट दिशेला पळाली.

पूर्वी मुजरा उरकला की घाबरलेली हरणं वाट फुटेल तिकडे धावायची. त्यातलं एखादं आपसूक महाराजांच्या पुढ्यात यायचं. आता एकही येईना. महाराजांच्या बरगड्या दिसू लागल्या. पण जुना आवाज काढायला ते तयार नव्हते. प्रजा आपल्याकडे बघते, एवढ्यानेच आपलं पोट भरतं, असं ते सांगत.

महाराणी झेपावतीचं भरत नव्हतं. ती म्हणाली, "बारीकच ओरडा. पण गुहेत बसून. आणि आवाज फक्त पूर्वेच्या भोंग्यातून सोडा." आणि स्वतः पश्चिमेच्या गवतात जाऊन बसली.

भोंगा किंचाळला. हरणांनी कान टवकारले, दिशा अचूक ओळखली आणि ती पूर्ण खात्रीने पश्चिमेला धावली.

त्या दिवशी राजघराणं पोटभर जेवलं. लटकेशास्त्र्यांना दरबारी पदवी मिळाली. उरलेल्या हरणांनीही त्यांचा सत्कार केला. आवाज इतका स्पष्ट पूर्वी कधीच येत नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तात्पर्य : मुलांनो, कान नेहमी स्वच्छ ठेवावेत. राजाचा आवाज कुठून येतोय हे ज्याला अचूक कळतं, तो जेवणाच्या वेळेला बरोबर पोचतो. ताटात.