ऐनवेळचा पाद्री

"पाद्री कुठाय?" सिरिल वेन्सकॉट कॅमेऱ्यांना हुकूम सोडायच्या काचेच्या खोलीतून ओरडला.

"मानधन घेऊन घरी गेला, साहेब," मदतनीस म्यूरिल प्रॉबर्टने सांगितलं. "गेटवरच्या माणसानं त्याला बसमध्ये चढताना बघितलं."

साल १९५७. लंडनच्या स्टुडिओतून रविवार दुपारचं नाटक थेट घराघरांत दिसत होतं आणि पाद्र्याच्या एकुलत्या एका, शेवटच्या प्रवेशाला सहा मिनिटं उरली होती.

"असा कसा गेला?"

"गुरुवारी तुम्ही त्याचा प्रवेश कापलात."

"शुक्रवारी परत घातला ना!"

"ते त्याला सांगायचं राहिलं."

नाटकाचा निर्माता सिरिलच, दिग्दर्शकही तोच. बोल लावायला तिसरं कुणी नव्हतं. अभिनयात काही कठीण नसतं, हे सिरिल दहा वर्षं नटांना ऐकवत आला होता. "मीच जातो," तो म्हणाला. "तू कॅमेरे सांभाळ." सहा वर्षं नुसतं घड्याळ धरून बसलेल्या म्यूरिलने खुर्ची पुढे ओढली.

पाद्र्याचा झगा सिरिलच्या गुडघ्यापर्यंतच आला. गळपट्टीने गळा आवळला. तो आत शिरताच बाईसाहेब झालेली नटी किंचाळली, "पाद्रीबाबा, माझा हार कुणी चोरला? नाव सांगा!"

सिरिलने नाव सांगायला तोंड उघडलं. सोमवारी चोर पुतण्या होता. बुधवारी त्याने तो बदलून मास्तरीण केली. शनिवारी कोण केलं होतं? काही केल्या आठवेना. चोराने निदान डोळा तरी मारावा, या आशेने तो एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला.

पहिली नजर म्हाताऱ्या नोकरावर पडली. ते काम करणारा टॅपली तालमीत या नजरेला टरकून असायचा. आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटून तो घाबरला. "मी... मीच घेतला!"

खरा चोर होता डॉक्टर. तो नट शनिवारपासून कबुलीचं भाषण घोकत होता आणि घरी त्याची आई टीव्हीसमोर बसली होती. तो उसळला, "खोटं! हार मी चोरला!" आणि त्याने अख्खं भाषण ठोकलं.

आता टॅपलीलाही चेव आला. "डॉक्टरसाहेब, माझ्यासाठी फासावर जाऊ नका हो!"

बाईसाहेबांनी रुमालात तोंड लपवलं. खांदे हसण्याने गदगदत होते, पण ते रडणंच वाटलं. सिरिलने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले. "देव दोघांनाही क्षमा करो," तो कसाबसा म्हणाला. संगीत वाजलं.

तो वर काचेच्या खोलीत पोचतो तोच कंपनीच्या बड्या साहेबांचा फोन आला; त्यांनी सिरिलला प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं.

"वेन्सकॉट, कमाल! आमची ही अजून डोळे पुसतेय. आणि शेवटी ते एकेक चेहरे काय पकडलेत! कॅमेरे तुम्हीच लावलेत ना?"

सिरिलने म्यूरिलकडे पाहिलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं.

"नाही, सर," तो म्हणाला. "मिस प्रॉबर्टनं."

"मग पुढचं नाटक तिलाच द्या. पण तो पाद्री कुठून पैदा केलात? नुसता डोळे वटारून उभा! पुन्हा पडद्यावर दिसता कामा नये."

सिरिलने गळपट्टी सैल केली.

"नवखा होता, सर. समज देतो त्याला."