जाळीत गेला गो!

दिवाळीनंतरचा पहिला रविवार: आमच्या फुटबॉल क्लबच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषयपत्रिकेवर नसलेला विषय आयत्या वेळी घेऊन ठराव संमत करण्यात आला. जबाबदार: अध्यक्ष.

संक्रांतीचा आदला दिवस: क्लबच्या खोलीची रस्त्याकडची भिंत रंगवून तिच्यावर ‘आमचा आजवरचा सर्वोत्तम संघ’ या मथळ्याखाली अकरा नावे लिहिण्यात आली. जबाबदार: अध्यक्ष व सचिव. रंगाऱ्याने सांगितले तेवढेच केले, सबब त्याला मी दोषमुक्त समजतो.

त्यानंतरचा शुक्रवार: गनीभाईंनी क्लबच्या कट्ट्यावर येणे बंद केले. जबाबदार: वरील दोघेही, एकत्रितपणे व स्वतंत्रपणे.

पहिल्या दोन बाबींविषयी मी अध्यक्षांना पत्रे पाठवली. उत्तर आलेले नाही. तिसऱ्या बाबीचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी गनीभाई कोण हे ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गनीभाई पंच्याहत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर एखाद्या जुन्या पेढीच्या मालकाची गंभीरता. असा हा मनुष्य जुन्या सामन्यातील गोलाचे वर्णन करू लागला की एकाएकी आवाज बारीक करतो, दोन्ही हात छातीशी नेतो आणि ओरडतो, “जाळीत गेला गो, जाळीत!”

आमच्या भागात ‘गो’ म्हणून बायकांना हाक मारतात. कट्ट्यावर बाई एकही नसते. ही आरोळी प्रथम ऐकली तेव्हा आमचा जुना गोलरक्षक नामा म्हात्रे दचकून मागे वळून पाहू लागला.

“कोन आली?” त्याने विचारले.

“कोन नाय. गोल झाला,” गनीभाई शांतपणे म्हणाले.

आमचे गाव पेणहून धरमतरच्या बाजूला, खाडीच्या काठी आहे. मैदान म्हणजे पूर्वीचे मिठागर. एका अंगाला खाडीचा बांध, दुसऱ्या अंगाला रस्ता. या क्लबच्या इतिहासात दोन थोर संघ होऊन गेले. पहिला मिठागराचा संघ: त्यातील बहुतेक मुले सकाळी मीठ ओढत आणि संध्याकाळी अनवाणी खेळत. दुसरा धाटावचा संघ: रोह्याजवळच्या रासायनिक कारखान्यांत नोकरीला लागलेल्या मुलांचा. त्यांच्याकडे बूट होते, शिस्त होती आणि पाळ्याही होत्या. एकदा सामना रंगात असताना दुसऱ्या पाळीची बस आली आणि आमची सबंध डावी फळी बूट हातात घेऊन बसमध्ये चढली. तरीही तो सामना आम्ही हरलो नाही. याच संघाने रोह्याला जाऊन चषक जिंकून आणला. सर्वश्रेष्ठ कोण, याविषयी माझ्या मनात कधीही संदेह नव्हता.

गनीभाईंचा पक्ष मिठागराचा. निवृत्त होऊन मी या गावात राहायला आलो, तेव्हापासून रोज संध्याकाळी आमचा हा वाद चाले. मी न्यायालयात अधीक्षक होतो, वकील नव्हतो, हे मी त्यांना वारंवार सांगितले आहे. ते मला वकीलसाहेबच म्हणतात.

प्रतिपक्ष म्हणून गनीभाई अत्यंत त्रासदायक होते. एक तर ते खेळाडूंच्या जागांची नावे घेत नसत. आघाडीचा खेळाडू म्हणजे ‘जुलेखाचा थोरला’. उजव्या बगलेचा तो ‘लाल मोज्यांचा’. बचावफळीतला एक ‘सारखा पडतो तो’. आणि पंच म्हणजे ‘शिट्टीवाला बाबा’. दुसरे असे की, त्यांची साक्ष कधीही सरळ चालत नसे.

“लाल मोज्यांचा निघाला,” ते सांगू लागत. “एकाला चकवलंन, दुसऱ्याला चकवलंन. सुके बोंबील लय म्हाग झालेत. तिसरा आडवा आला...”

“गनीभाई, बोंबील कुठून आले?”

“आले. ऐका तुमी. तिसरा आडवा आला. थांब जरा, छत्री उलटी झाली. हां, आता जुलेखाच्या थोरल्याकडं दिला. बकरी बांधाखाली उतरली वाटतं, हाकल तिला. मारला! जाळीत गेला गो!”

प्रत्येक वेळी तेच बोंबील, तीच छत्री, तीच बकरी, आणि त्याच ठिकाणी. मी उलटतपासणीत वाक्यांची अदलाबदल करून पाहिली. साक्ष तसूभर हलली नाही. असा साक्षीदार एक तर पढवलेला असतो, नाही तर संपूर्ण खरा असतो. गनीभाई कोणत्या प्रकारात बसतात, हे मला ठरवता येत नव्हते.

खरा तंटा होता तो अंतिम सामन्याचा. मिठागराचा संघ आपल्याच मैदानावर रोह्याच्या संघाशी खेळला. मी त्या वेळी पेणला राहत होतो. सायकलवरून इथले सामने पाहायला येत असे, तसा तोही पाहिला. आम्ही दोन-एक पुढे होतो. उधाणाची भरती होती, पाणी बांधावरून मैदानात उतरू लागले, आणि गुडघाभर चिखलात रोह्याने बरोबरीचा गोल केला. सामना दोन-दोन असा सुटला. चषक अर्धे वर्ष त्यांनी व अर्धे वर्ष आम्ही ठेवला. गोलरक्षक नामा म्हात्रेच होता. तो हयात आहे आणि रोज कट्ट्यावर बसतो.

“दोन-एक,” गनीभाई म्हणत. “जिंकलो आपन.”

“दुसरा गोल मी स्वतः पाहिला आहे!”

“तुमी बगितला आसंल. मी नाय ऐकला.”

गोल ऐकायचा असतो काय, असे मी विचारले की ते खाडीकडे पाहत बसत. नामाला विचारावे तर तो दोघांनाही हात जोडी. “माझं नाव नका घेऊ. दोन्ही टीमांत मीच व्हतो, न् दोन्हीकडं गोल मीच खाल्ले.”

असा हा खटला वर्षानुवर्षे तहकूब होत चालला होता आणि कोणाचीही तक्रार नव्हती. अशा वेळी आमच्या तरुण अध्यक्षांना भिंत दिसली.

भिंतीवर लिहिलेली अकराही नावे धाटावच्या संघाची आहेत. म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला आहे. तरीही तो बेकायदेशीर आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दुसऱ्या पक्षाला नोटीस दिली गेली नाही, त्याचे म्हणणे ऐकले गेले नाही. मिळालेला निकाल सोयीचा आहे म्हणून कार्यपद्धतीकडे डोळेझाक करणारा मनुष्य मी नव्हे.

रंग ओला असतानाच गनीभाई आले. त्यांनी एकेक नाव वाचले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “झालं ना मनासारखं, वकीलसाहेब?” आवाजात टोमणा नव्हता. त्याचेच मला अधिक वाईट वाटले. त्या शुक्रवारपासून त्यांची खुर्ची रिकामीच राहिली.

काही आठवडे वाट पाहून मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी नसीम हिने दार उघडले. गनीभाई पडवीत पाठमोरे बसले होते. मी आल्याचे कारण सांगितले: मिठागराच्या संघाच्या वतीने हरकत नोंदवायची आहे, प्रत्यक्षदर्शी म्हणून तुमची सही हवी.

नसीम चहा ठेवता ठेवता थांबली. “काका, अब्बा कसले प्रत्यक्षदर्शी? ते कुवेतला व्हते तेव्हा. त्या टीमची एक मॅच पन नाय बगितली त्यांनी.”

सबंध नोकरीत मी अनेक खोटे साक्षीदार पाहिले. परंतु एखादा मनुष्य वर्षानुवर्षे निव्वळ ऐकीव पुराव्यावर माझ्यासमोर टिकून राहावा, हे प्रथमच घडत होते.

“गनीभाई, हे खरे?”

“व्हय.” ते वळले. “धाटाववाल्यांना बगितलं मी, परत आल्यावर. चांगले व्हते. पन मिठागरवाल्यांना ऐकलेलं हाय.”

“कोणाकडून?”

त्यांनी कपाटाकडे हात केला. कपाटावर, भरतकामाच्या रुमालाखाली, एक जुना टेपरेकॉर्डर होता.

त्या काळी आखातातल्या माणसांना घरून कॅसेटी जात. बायको, आई, मुले आळीपाळीने बोलत, आणि गावाकडे येणारा-जाणारा कोणी ती कॅसेट घेऊन जाई. “पयली कॅसेट ऐकली न् दोन दिवस कामावर गेलो नाय,” गनीभाई म्हणाले. “बायकोला कळवलं, हलीमा, मना घरचं काय सांगू नको. घरचं ऐकलं की मना इथं ऱ्हावत नाय. मॅच आसते ना बांधाखाली, तिचं सांग. तिला फुटबॉलमधलं काय कळत व्हतं? ती आपली नणंदेला संगती घेऊन बांधावर हुभी ऱ्हायची, टेप छातीशी धरून. जे दिसंल ते बोलायची.”

“बोंबील? बकरी?”

“घरचं सांगू नको म्हटलेलं ना. मग मॅचमधनं सांगायची.” ते हसले. “गोल झाला की नणंदेला वराडायची. मी तिकडं खोलीत दहा जनांमधी बसून ऐकायचो.”

बांधावर छत्री घेऊन उभी राहणारी एक बाई मला आठवते. आम्ही समजत असू, गाणी ऐकते आहे. तिचा आवाज माझ्या कानांवर नक्कीच पडला असणार. पण आता तो कितीही आठवू पाहिला तरी आठवत नाही.

हलीमाबींना जाऊन बरीच वर्षे झाली. कॅसेटी आता वाजतात का, असे मी विचारले.

“बुरशी धरली. फीत चिकटली. नसीमनं पेनला नेऊन दाखवल्या, नाय झाल्या.” मग ते म्हणाले, “कट्ट्यावर बोलायचो ना, तेव्हा ऐकू यायची.”

माझ्या स्वभावानुसार मला एक मुद्दा निकाली काढणे भागच होते. “आणि रोह्याचा दुसरा गोल?”

“बाजू संपली. कॅसेटची बाजू संपली की खट् आवाज येतो ना, तसा आला. तेव्हा आपन दोन-एक पुढं व्हतो. उलटी करून लावली, तर तिकडं तिच्या सासूबाईंची सर्दी.”

“मग बरोबरी झाल्याचे तुम्हांला ठाऊकच नव्हते?”

“सुट्टीला आलो तेव्हा कळलं. तिला नाय बोललो कदी. तिनं जितकं सांगितलं, तितक्यात आपन जिंकत व्हतो.”

चहा निवला होता. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की माझे मत बदललेले नाही. धाटावचाच संघ श्रेष्ठ. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “म्हाईत हाय. तुमी मत बदललंत तर मी भांडू कुनाशी?”

“मग या कट्ट्यावर.”

“भिंतीवर लिवलंय आता, वकीलसाहेब. मानसाशी भांडता येतं. भिंतीशी कसा भांडू?”

 याचे उत्तर देण्याचे दायित्व माझे नाही, अध्यक्षांचे आहे.

म्हणून मी क्लबच्या अध्यक्षांना जाहीरपणे विचारतो: जो वाद दोन वृद्ध माणसांनी इतकी वर्षे जपून चालू ठेवला होता, तो मिटवण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? बांधावर उभे राहून ज्यांनी ते सामने सांगितले, त्या हलीमाबींची साक्ष न ऐकता आपण निकाल कसा दिला? भिंतीवरची अकरा नावे राहू द्यावीत. ती माझ्याच पसंतीची आहेत. ‘सर्वोत्तम’ हा एक शब्द मात्र पुसावा आणि नावांच्या शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवावी. आपला खुलासा मला लेखी नको. येत्या शुक्रवारी नमाजानंतर, नामा म्हात्रेसमक्ष, कट्ट्यावर उभे राहून तो द्यावा. गनीभाईंची खुर्ची मी मांडून ठेवीन. ते आले नाहीत, तर त्यांच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने द्यावा.