प्लायमाउथमधली केळी

"गाडीचा विषय काढायचा नाय," टेबलावर केळ्यांची थाळी ठेवताना जहांआराने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं. "नौशीनच्या परीक्षेचा काढायचा."

"काढतो गो. पण ही केळी? आपलं लगीन झाल्यापासून या घरात केळं आलं नाय."

"पावण्यांसाठी आणलीत."

गनीभाई उठले, खिडकीत गेले, परत येऊन बसले. पोलादपूरचे मुसैबभाई आपल्या मुलासाठी, अरसलानसाठी, नौशीनला मागणी घालायला येत होते. मुलगा सालस होता, दुबईला नोकरीत होता आणि नौशीनलाही पसंत होता. अडचण एवढीच, की मुलीने शिक्षण सोडावं आणि रमजानच्या आधी निकाह व्हावा, असा मुसैबभाईंचा निरोप होता. नौशीनची डी.एड.ची शेवटची परीक्षा एप्रिलात होती. ती दिल्याशिवाय निकाह नाही, असं तिने आईला ठणकावून सांगितलं होतं. हे पाहुण्यांच्या तोंडावर सांगण्याची कामगिरी गनीभाईंवर आली होती. महाडात दोन ट्रक बाळगणाऱ्या या माणसाने आरटीओशी हुज्जत घातली होती, पण घरी आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणणं त्याला आजवर जमलेलं नव्हतं.

मुसैबभाई आले ते कंबर धरूनच. रिक्षाने त्यांची हाडं खिळखिळी केली होती. "या काय गाड्या म्हनायच्या?" खुर्चीत टेकत ते म्हणाले. "खऱ्या गाड्या अमेरिकनवाल्यांच्या, त्या गेल्या."

गनीभाईंनी बायकोकडे पाहिलं. विषय आपण काढलेला नाही, हे तिने पाहिलंय एवढी खात्री होताच त्यांचा संयम सुटला. "तुमच्याकडं कुठली होती?"

"प्लायमाउथ. काळी. आंबेनळी घाट टॉप गिअरमधी चढायची."

"माझीपन प्लायमाउथच. आठ माणसं आत आनि टपावर फणस. म्हाड ते महाबळेश्वर."

"सीट कशी, पलंगच. माझी पोरं त्यात झोपायची."

"आनि तो हॉर्न..."

"गायीवानी."

दोघांचे डोळे पाणावले. जहांआरा खोकली. गनीभाईंनी "नौशीनचं असंय" अशी सुरुवातही केली, पण मुसैबभाई अजून घाटातच होते. "माझीच्या डाव्या दाराला पोचा होता. कुनीतरी खांबाला घासलेली."

गनीभाईंनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. प्रतापगडाच्या फाट्यावरचा तो खांब त्यांना चांगलाच आठवत होता. मुसैबभाईंच्या पाठीमागच्या भिंतीवर त्याच प्लायमाउथचा फोटो टांगलेला होता. बंपरवर पाय ठेवून तरुण गनी उभा, आणि पायाखाली ठसठशीत नंबर, सत्तावीस एकोणीस.

"कधी घेतली तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"त्र्याहत्तर साली. म्हाडच्याच एका एजंटाकडून. मालक कुवेतला निघाला होता म्हने. नंबर अजून पाठ हाय, सत्तावीस एकोणीस."

गनीभाई पंखा लावायचं निमित्त करून उठले आणि फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मुसैबभाईंनी मान वळवली.

"बसा की, गनीभाई."

"नको. पाय आखडलेत."

"या कुशनच्या खुर्चीत बसा तुम्ही. मी उभा राहतो, तेवढीच कंबर मोकळी हुईल."

"तुम्ही बसाच," असं म्हणून गनीभाईंनी होणाऱ्या व्याह्याला खांद्याला धरून जवळजवळ दाबूनच बसवलं, पुन्हा फोटोला पाठ लावली आणि मागे हात नेऊन खिळा चाचपू लागले. खालचा एक खिळा हातात आला, पण फोटो काही निघेना. जहांआरा शांतपणे सरबत ढवळत होती.

"भाभी, त्या गाडीनं मला रडवलं," मुसैबभाई म्हणाले. "घेताना गिअरबॉक्सचा आवाज कसा, मांजरीसारखा. आठ दिवसांत करकर सुरू. पोलादपूरला मिस्त्रीनं खोलला, तर आत केळी. आवाज दाबायला ठासून भरलेली."

"या अल्ला," जहांआरा म्हणाली. "मग?"

"मग काय? तो मानूस आयुष्यात एकदा भेटला पाहिजे, येवढंच मागनं हाय माझं. डझनभर केळी, भाभी. तीपन सालीसकट."

"खोटं," गनीभाई एकदम बोलून गेले. "चांगली सोलून घातली होती."

मुसैबभाई हळूहळू उठले, गनीभाईंना बाजूला केलं आणि फोटोतला नंबर वाचला. गनीभाईंना लेकीचं ठरत आलेलं लग्न समोर मोडताना दिसलं. हातात सुटलेला खिळा तसाच होता.

"म्हंजे तुम्ही," मुसैबभाई म्हणाले. "उठतो मी. असल्या घरात सोयरीक नको."

"बसा, मुसैबभाई," जहांआरा म्हणाली. "सरबत व्हायचंय. आनि त्या गाडीचं पुढं काय केलं तुम्ही?"

"काय करनार? विकली."

"कुनाला?"

"होते एक मास्तर. दासगावचे."

"माझे अब्बा," जहांआरा म्हणाली.

मुसैबभाई आपोआप खाली बसले.

"आमच्या परसात फणसाखाली वर्षभर पडून होती सत्तावीस एकोणीस. कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. मग भंगारात गेली. अब्बांनी गिअरबॉक्स खोलला तेव्हा मी तिथंच हुते. सालीसकट केळी तिथं निघाली, मुसैबभाई. त्या दिवसापासनं आमच्या घरात केळं बंद. लगीन होऊन इथं आले तर भिंतीवर तोच नंबर. यांच्या हातचीपन केळी तिच्यात होती, हे आज कळलं. तुमचं नाव मात्र अब्बा मरेपर्यंत घेत हुते."

गनीभाई हातातल्या खिळ्याकडे पाहत होते. मुसैबभाई फरशीकडे पाहत होते.

"नौशीनची परीक्षा एप्रिलात हाय," जहांआरा म्हणाली.

मुसैबभाईंनी घसा साफ केला. "मे महिना बरा पडंल. अरसलानलापन तेव्हाच सुट्टी असते."

"लग्नानंतर शाळेत नोकरी लागली तर?"

"करू दे की. मास्तरकीचं घरानं हाय तुमचं."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. जहांआराने केळ्यांची थाळी दोघांच्या मधोमध सरकवली. "घ्या ना. तोंड गोड करा."

दोघांनी मुकाट्याने एकेक केळं उचललं. गनीभाईंचं खाऊन झालं तरी मुसैबभाई आपलं सोलतच होते, अगदी सावकाश, एक दोरासुद्धा मागे न ठेवता.